ठिगळचा खुबा

हाडबाईंच्या आईला शेवटपर्यंत एकच खंत होती. पोटाला चिमटा काढून पोरीला एवढं शिकवलं, आणि पोरगी जन्मभर लोकांचं खरकटं निवडत बसली. तेही कालपरवाचं नव्हे. हजार-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पोटभर जेवून, नळी चोखून, कोपऱ्यात भिरकावून दिलेलं. आईचं काही चुकत नव्हतं. "आपण काय करता?" असं कुणी विचारलं की बाईही हेच सांगायच्या. ज्यांना जमिनीत सोनंनाणं सापडतं त्यांचे फोटो छापून येतात, आम्हाला उष्टं सापडतं, असं म्हणून वर पुस्ती जोडायच्या, "पण सोनं गावात एखाद्याच घरी असतं हो. उष्टं घरोघरी."

लग्नाकार्यात त्यांच्या शेजारी जेवायला बसायचं म्हणजे नातेवाइकांना शिक्षाच. आपण हाड कुठून फोडतो, कुठल्या दातांनी चावतो, याकडे ही बाई टक लावून बघणार आणि वर "अस्सं! अगदी असंच मोडतात!" म्हणून खूश होणार. घास घशाखाली उतरायचा कसा? खाटकाच्या दुकानात मात्र त्यांचा फार मान. तिथे सगळे मांस मागायचे, या डोकं नि खूर मागायच्या. खाटकाने पहिल्यांदा त्यांना गरीब समजून दोन कलेजीचे तुकडे फुकट घातले होते.

'हाडबाई' हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं, आणि बाईंनी ते इतक्या आनंदाने घेतलं की पोरांची चिडवायची मजाच गेली.

कामाची खोली पुरातत्त्व संस्थेच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला. लांबट, एकाच खिडकीची. मधोमध मोठं टेबल, त्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर वाळत घातलेली हाडं. सिंकशेजारी पेल्यात दात घासायचे जुने ब्रश उभे. एकदा नव्याने लागलेल्या शिपायाने सकाळी सकाळी त्यातलाच एक ब्रश तोंडात घातला होता. ते कशासाठी आहेत हे कळल्यावर बिचारा दिवसभर चुळा भरत होता. भिंतीला लागून छतापर्यंत पुठ्ठ्याचे डबे: डुक्कर, घोडा, कोंबडी, ससा, हरीण. हे जुने नव्हेत, आजचेच प्राणी. जमिनीतून आलेला तुकडा कशाचा हे ओळखायचं, तर शेजारी ठेवून बघायला ज्याची खात्री आहे असं एक हाड लागतं. त्यामुळे कुठे काही मेलं की लोक आधी बाईंना फोन करायचे, मग सफाईवाल्यांना.

उत्खननातून आलेलं पोतं उघडायचं, माती झटकायची, तुकडा हातात घ्यायचा. प्राणी कुठला, अवयव कुठला, डावा की उजवा, वय काय, सुरी कुठून फिरलीय. बाईंची बोटं डोळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. एकच ठिकाण असं होतं की तिथे भलेभले हात टेकायचे. शेळीचं हाड आणि मेंढीचं हाड. जिवंतपणी एवढ्या वेगळ्या, पण कातडं उतरलं की सख्ख्या बहिणी. नळीचं टोक धड मिळालं तर सांगता येतं, शिंगाचा बुडखा मिळाला तर देवच पावला. पण बहुतेक वेळा हाताशी येतो तो नुसता मधला तुकडा. तो मग 'शेळीमेंढी' नावाच्या डब्यात जायचा. खोलीतला सगळ्यात मोठा डबा तोच होता. बाईंना त्याची लाज नव्हती. नवशिके ठामपणे 'मेंढी' म्हणून मोकळे व्हायचे, तेव्हा बाई म्हणायच्या, "तुला कुणी बक्षीस देणार आहे का? नाही कळत तर नाही कळत म्हण. जीभ झडत नाही."

हा शब्द त्यांच्याबरोबर घरी आला आणि घरचाच होऊन बसला. नवऱ्याला "आज उशीर होणार का?" विचारलं की तो "शेळीमेंढी" म्हणायचा. लेकीला तो मुलगा आवडला का विचारलं, तर ती वर न बघता "शेळीमेंढी!" आणि पुन्हा तो विषय कुणी काढायचा नाही.

घरात हा शब्द सर्वांत जास्त वापरायचे ते बाईंचे सासरे. उभी हयात कपडे शिवण्यात गेली, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना टेलरबाबा म्हणायची. बाई नुसतं बाबा म्हणायच्या. सून घरात आली तेव्हा बाबांना तिच्या कामाची शिसारी होती. महिनाभर त्यांनी तिच्या हातचं पाणी जरा निरखूनच घेतलं. मग एक दिवस त्यांनी पाहिलं, की सूनबाई उंदराएवढा कसलासा जबडा प्लास्टिकच्या फाटक्या पिशवीत कोंबतेय. शिंप्याच्या डोळ्यांना ते सहन होईना. "अगं, हे काय कापड आहे? आण इकडे." त्या संध्याकाळी त्यांनी नाडी ओवलेली, आत दुहेरी शिवण घातलेली बोटभर पिशवी शिवून दिली. तेव्हापासून संस्थेतल्या झाडून साऱ्या हाडांचे कपडे बाबांनी शिवले. मशीन खिडकीशी, बाबा मशीनवर, आणि बाई दारातून ओरडायच्या, "बाबा, घोड्याची मांडी!" बाबा तितक्याच गंभीरपणे विचारायचे, "घेर किती?" आपण हाडाचे शिंपी आणि सून हाडांची बाई, फरक काय तो एका टिंबाचा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

बाबांचा एक कुत्रा होता. पांढरा, पाठीवर एकच काळा चौकोन. कुणीतरी उरलेलं कापड लावून दिलंय असा. म्हणून तो ठिगळ. शिवणाच्या दुकानाच्या पायरीवर तो आपण होऊन येऊन बसला, दुकान बंद झालं तेव्हा बाबांच्या मागोमाग घरी आला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांचा निम्मा मालक झाला. सकाळ-संध्याकाळ बाबा त्याला घेऊन जिना उतरायचे. त्याचा पट्टाही त्यांनीच शिवलेला. कोटाच्या अस्तराचा, आतून मऊ. कुत्र्याला एवढे लाड आम्हाला कधी मिळाले नाहीत असं नवरा म्हणायचा, आणि खोटं नव्हतं ते.

ठिगळ खूप म्हातारा होऊन गेला. एका सकाळी मशीनखाली झोपला तो उठला नाही. बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले होते. बाई आल्या, वाकून बघितलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झाडाखाली कुठेतरी पुरू या बाबा. मी येते तुमच्याबरोबर."

"नको," बाबा म्हणाले. "तुझ्या तिथे ने. तुझ्या पद्धतीने कर."

बाईंनी दोनदा विचारलं. बाबांनी दोनदा तेच सांगितलं आणि मशीनवर जाऊन बसले. बाईंची पद्धत त्यांना चांगली ठाऊक होती. संस्थेच्या मागे कुंपणाला लागून थोडी जागा होती, तिथे बाई मेलेले प्राणी जाळीत गुंडाळून पुरायच्या. माती आणि किडे मिळून आपलं काम करायचे, आणि वर्षा-दीड वर्षाने स्वच्छ हाडं वर काढता यायची. पंजांची हाडं बारीक. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून चारी पायांना चार वेगळ्या पिशव्या बांधाव्या लागतात. बाबांनी ते सांगावं लागू दिलं नाही. सुती कापड कुजतं हेही त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी नायलॉनच्या जाळीच्या चार पिशव्या शिवल्या, नाड्या ओवल्या, आणि स्वतःच्या हाताने एकेका पायाला बांधल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण टाका एकही वाकडा नव्हता.

आता इथे बाईंची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्याकडे कुत्र्यांची हाडं खंडीभर होती, पण सगळे तरणे. रस्त्यावरच्या कुत्र्याला म्हातारपण कोण देतो? खणतीत कधी म्हाताऱ्या कुत्र्याचं हाड आलं की शेजारी ठेवायला त्यांच्याकडे काही नसायचं. बाबांना हे माहीत होतं. जेवताना दहा वेळा ऐकलं होतं. त्यामुळे बाईंनी सरळ अर्थ लावला: बाबांनी ठिगळ आपल्या संग्रहाला दिला. त्यांना भरून आलं. आणि त्या भरून येण्याच्या आत कुठेतरी आनंदही झाला, म्हातारा कुत्रा मिळाल्याचा. तो आनंद झाल्याबद्दल त्यांनी स्वतःला मनातल्या मनात दोन लगावून दिल्या. नेहमी पुरण्याआधी त्या सुरीने बरंच काम उरकायच्या, म्हणजे वेळ वाचतो. ठिगळला मात्र त्यांनी सुरी लावली नाही. लागू दे वेळ लागेल तेवढा, म्हणाल्या.

लागलाच. तेवढ्या काळात बाबा घरात बसून राहू लागले. फिरणं सुटलं. भाजी आणायला जायचे, तेही थांबलं. सगळ्यांना वाटलं, कुत्रा गेला त्याचं दुःख. कुणाबरोबर जाणार बिचारे? नवऱ्याने दुसरं पिल्लू आणायचा विषय काढला, तर बाबा एकदम उसळले, "मला जिने चढायला लावू नका आता!" त्यावर लेक हळूच म्हणाली, अजून आठवण येते त्यांना. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाईंनी ठिगळला वर काढलं, धुतलं, वाळवलं. टेबलावर नाकापासून शेपटीपर्यंत नीट मांडलं आणि घरी येऊन सांगितलं. म्हणाल्या, बघायचं नसेल तर राहू द्या.

"येतो," बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा त्या खोलीत आले. टॅक्सीतून उतरून आत येईपर्यंत त्यांना बराच वेळ लागला. बाईंना वाटलं, धीर होत नसेल. आत आल्यावर त्यांनी आधी फळ्यांवरच्या आपल्या पिशव्या बघितल्या, एकीची नाडी ओढून गाठ तपासली. मग टेबलाशी आले. उभे राहून बघितलं, स्टुलावर बसून बघितलं. कवटी ओळखू येत नाही म्हणाले. वरचा एक दात अर्धा तुटलेला होता, तो बघून मात्र म्हणाले, "हां. हा कात्रीवर तोडलेला."

मग तो दात त्यांनी अंगठ्याने चाचपला.

"सूनबाई, एक विचारू?"

"विचारा की."

"याला दुखत होतं का?"

"कधी?"

"शेवटी शेवटी. जिन्यात." बाबा हाडांकडे बघूनच बोलत होते. "वळणावर बसायचा ना तो. उठायचाच नाही. मी म्हणायचो, सोंगं करतो. ओढायचो पट्ट्याला धरून. एकदा तर चप्पल काढली मी त्याच्यावर. मारली नाही. म्हणजे, लागली नसेल जोरात. तेवढंच विचारायचं होतं गं मला. म्हणून तुझ्याकडे दिलं त्याला. डॉक्टर म्हणाला होता वय झालंय, पण त्याला काय आतलं दिसतं? तुला दिसतं."

बाईंना आत्ता कळलं. संग्रहासाठी दिला म्हणून भरून आलं होतं त्यांना! म्हाताऱ्याने दीड वर्ष हा एक प्रश्न उराशी धरून ठेवला होता, आणि आपल्याला काय वाटलं, तर डबा भरला.

उत्तर त्यांना माहीत होतं. धुतानाच दिसलं होतं. आणि 'नाही हो बाबा, काही दुखत नव्हतं' हे शब्द जिभेच्या टोकावर आलेही होते. काय बिघडलं असतं? ठिगळ येऊन साक्ष देणार नव्हता. म्हातारा माणूस सुखाने झोपला असता.

"आणि शेळीमेंढी सांगू नकोस," बाबा म्हणाले. "माझ्यापाशी नको."

बाईंनी मांडीचं हाड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. वरचा गोळा, जो खुब्याच्या उखळीत बसतो, एका बाजूने झिजून चकचकीत झाला होता. गिलाव्यावर वर्षानुवर्षं पाठ टेकून बसलं की तिथे येते तशी चमक. दुसऱ्या हातात उखळीचं हाड घेतलं, त्यालाही तीच.

"इथे मऊ गादी असते बाबा. हाडाला हाड लागू नये म्हणून. याची ती पार गेली होती. हाडावर हाड घासत होतं." त्यांनी गोळा उखळीत बसवून दाखवला. "दुखत होतं. जिना चढताना तर खूपच दुखत असणार."

बाबांनी मान हलवली. शिवण उसवलीय हे गिऱ्हाइकाने दाखवल्यावर हलवायचे तशीच, निमूट. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आपल्या या मेल्या खरेपणाचा त्यांना त्या क्षणी मनापासून राग आला.

"पण अजून एक आहे," त्या नाक पुसत म्हणाल्या. "हेही तितकंच खरं आहे, समजूत घालत नाहीये मी. ही चमक चालल्याशिवाय येत नाही. जो पाय टाकायचा सोडतो त्याचं हाड नुसतं पातळ पडतं, बारीक होतं. याचं बघा, धरून बघा, कसं दणकट आहे. हा शेवटपर्यंत रोज चालला."

"मी ओढला म्हणून."

"ते हाडावरून नाही कळत."

"मग कशावरून कळतं?"

बाईंनी जरा विचार केला. "तुम्हीच आठवा. जिना संपला, रस्त्यावर आलात, की मग कोण कुणाला ओढायचं?"

बाबा आठवत राहिले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "तोच. खाटकाच्या दुकानापर्यंत. माझा हात सुटून यायचा." आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. तो काही लवकर स्वच्छ होईना.

मांडीचं हाड त्यांनी परत जागेवर ठेवलं, बरोब्बर. "घाल याला डब्यात. एवढा म्हातारा तुझ्याकडे नाही ना दुसरा? पण नुसता नंबर नको टाकूस. नाव लिही."

"लिहिते."

"चल मग."

बाबा उठायला गेले. टेबलाची कड धरली, अर्धे उठले, आणि थांबले. दुसरा हात कमरेच्या खाली, बाजूला गेला आणि तिथे दाबून राहिला. दात ओठांवर आले. मग श्वास सोडून ते सरळ झाले, जणू काही झालंच नाही असा चेहरा करून.

बाईंच्या हातात अजून उखळीचं हाड होतं. जिथे बाबांचा हात होता, तिथलंच.

फिरणं सुटलेलं. भाजी सुटलेली. जिने चढायला लावू नका. टॅक्सीपासून दारापर्यंतचा तो वेळ. मेलेल्या मेंढीच्या टाचेवरून ती कुठल्या चढावर चरत होती हे सांगणाऱ्या बाईंनी, रोज ज्यांच्या समोर बसून त्या जेवत होत्या त्यांचं चालणं दुःखाच्या खात्यात टाकून दिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"झाले काही दिवस," बाबा म्हणाले. "सांगितलं असतं तर तुम्ही जिना बंद केला असता माझा."

"तुम्हीच नाही का केलात?"

बाबा दाराकडे निघाले. दार ओलांडताना म्हणाले, "आणि मी गेल्यावर मला जाळीत गुंडाळू नकोस हो. सांगून ठेवतो."

"काहीतरीच बोलू नका!" बाईंनी त्यांच्या दंडाला धरलं. उद्या डॉक्टरकडे जायचं ठरलं, बाबा नको नको म्हणत असतानाच ठरलं. आजकाल खुबा बदलतासुद्धा येतो, असं बाई टॅक्सीत सांगत राहिल्या. नव्या खुब्याला अस्तर कसलं लावतात, हे बाबांनी दोनदा विचारलं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. पहिला मजला बाबांनी कठड्याला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखा, चढून काढला. वळणावर आले आणि थांबले. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी वर बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि मग पायरीवर बसले.

वरून कुणीतरी उतरत होतं, त्याला वाट द्यायला बाईंनी पर्स आवळून घेतली आणि त्याही त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर, बसल्या.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय गं," बाबा म्हणाले. "फार दुखतंय."

"मग बसू," बाई म्हणाल्या. "कुणी ओढत नाहीये आपल्याला."